जबाब फिरला म्हणजे खुनी सापडला?

एखाद्या घरात खून झाला आणि संशय घरातल्याच माणसावर गेला, की आमच्या दोंडाईच्यात दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येते. "अरे, त्याचे जबाबच जुळत नाहीत!" बातमी धुळ्याची असो, जळगावची असो की थेट मुंबईची, वाक्य तेच. आधी म्हणाला मी दहाला झोपलो, मग म्हणाला साडेअकराला. आधी म्हणाला दार उघडे होते, मग म्हणाला लोटलेले होते. संपले! चहा थंड होण्याआधी गुन्हेगार ठरतो, रात्रीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो फिरतो आणि त्याच्या मुलांना शाळेत कोण काय म्हणेल याचा विचार कोणाच्याही मनात येत नाही.

जबाबातली विसंगती ही काही फालतू गोष्ट नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. घरातल्या खुनात बाहेरचा साक्षीदार बहुधा नसतो. रात्रीची वेळ, चार भिंती, आत असलेली माणसे तेवढी. अशा वेळी जिवंत राहिलेला माणूस काय सांगतो, हाच तपासाचा पहिला धागा असतो. खोटे बोलणारा बहुतेक वेळा त्याच धाग्यात अडकतो. पण धागा म्हणजे फास नव्हे. या दोन गोष्टींतला फरक विसरला की काय होते, ते सांगायला फार लांब जायची गरज नाही.

आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात १ जुलै २०१८ रोजी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते, सोलापूर जिल्ह्यातून आलेले. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाईलवर आधीच फिरत होती. परके चेहरे दिसले, संशय आला आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्यांचा जीव घेतला गेला. जमावासमोर थरथरत उभ्या असलेल्या माणसाने काहीही सांगितले तरी ते पुरत नाही. तो अडखळला तर संशय, धडाधड बोलला तरी संशय.

आता पोलीस ठाण्यातल्या जबाबाकडे येऊ. आपल्यापैकी बहुतेकांना वाटते की माणूस जे बोलतो ते शब्दशः कागदावर उतरते. प्रत्यक्षात जबाब लिहिणारा वेगळा असतो आणि तो लिहितो सरकारी मराठीत. 'सदर इसम', 'मी समक्ष हजर राहून सांगतो की', 'त्यावेळी अंदाजे' ही भाषा आपल्यापैकी घरात कोण बोलतो? अहिराणी बोलणारा शेतकरी दिवस बुडाल्याचे सांगतो. पावरी किंवा भिली बोलणारा मजूर त्याच्या पद्धतीने सांगतो. आमच्या मोहल्ल्यातली एखादी खाला म्हणेल, "मगरिब के बाद की बात है." कागदावर तिन्ही ठिकाणी 'सायंकाळी ७ वाजता' असे येते. आता मगरिबची वेळ घड्याळाला बांधलेली नाही. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. 'इशा के बाद' म्हणजे तर नमाज झाल्यापासून मध्यरात्रीपर्यंत काहीही. एक लिहिणारा साडेसात लिहितो, दुसऱ्या दिवशी दुसरा लिहिणारा साडेआठ लिहितो. बाई तेच वाक्य बोललेली असते आणि तिसऱ्या दिवशी बातमी येते की 'संशयित महिलेच्या जबाबात विसंगती'.

त्यात घरातले माणूस मेलेले असते. रात्रभर झोप नसते, पोटात अन्न नसते. तीन अधिकारी तीन वेळा तोच प्रश्न तीन तऱ्हेने विचारतात. आपण स्वतः आठवून पाहावे: घरात मय्यत झाली त्या रात्री दवाखान्यातून आपण किती वाजता निघालो, सोबत कोण होते, पहिला फोन कोणाला केला? सख्ख्या भावांच्या उत्तरांतही फरक पडतो.

कायद्याला हे सगळे माहीत आहे. म्हणूनच पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. कोठडीत सांगितलेल्या गोष्टीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. कबुली द्यायचीच असेल तर ती दंडाधिकाऱ्यासमोर, आणि तीही 'कबुली देणे तुझ्यावर बंधनकारक नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते' हे सांगून झाल्यावर. संविधानाचे कलम २० (३) तर सांगते की कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. टीव्हीवर 'आरोपीने गुन्हा कबूल केला' ही पट्टी सरकते तेव्हा यातले काहीही आपल्याला आठवत नाही.

मग खोटे बोलून खुनी सुटून जाणार का? नाही. इथे महाराष्ट्रातलेच दोन निकाल शेजारी ठेवून पाहायला हवेत.

पहिला निकाल २००६ चा, 'त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. सासरी एका विवाहितेचा मृत्यू झाला. साप चावला, असे सांगण्यात आले. शवविच्छेदनात मात्र गळा दाबल्याने श्वास कोंडून मृत्यू झाल्याचे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घराच्या आत, गुप्तपणे गुन्हा घडतो तेव्हा आत असलेल्या माणसांवर काय घडले ते सांगण्याची जबाबदारी येते. तोंड मिटून बसणे किंवा खोटे कारण सांगणे ही साखळीतली आणखी एक कडी ठरते. पतीची जन्मठेप कायम झाली. सुनेला मारून 'साप चावला', 'स्टोव्ह भडकला', 'विहिरीत पाय घसरला' असे सांगणाऱ्यांसाठी हा निकाल आहे आणि तो हवाच होता. पण इथे विसंगती कुठे होती ते नीट पाहा. ती एका जबाबाची दुसऱ्या जबाबाशी नव्हती, जबाबाची मृतदेहाशी होती. सापाचे विष गळा दाबत नाही.

दुसरा निकाल १९८४ चा, 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. जून १९८२ मध्ये पुण्यात, लग्नाला जेमतेम चार महिने झालेल्या एका तरुणीचा सायनाइडच्या विषाने मृत्यू झाला. पतीला सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. पतीचा बचाव खोटा आहे, हीसुद्धा त्याच्याविरुद्धची एक कडी धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मुलीने आत्महत्या केली असण्याची शक्यता पुराव्याने खोडली गेली नव्हती. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फजल अली यांनी लिहिले. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे त्यांनी त्यात मांडली, त्यांना 'पंचशील' म्हटले आणि आजही देशातली न्यायालये ती वापरतात. त्याच निकालात खोट्या बचावाबद्दल मर्यादा घातली आहे. सरकारी पक्षाची साखळी आपल्या पायावर पूर्ण उभी असेल, तर आरोपीचे खोटे बोलणे तिला जास्तीचा आधार देऊ शकते. साखळी तुटकी असेल तर ती भोके आरोपीच्या खोटेपणाने बुजवता येत नाहीत.

हे दोन निकाल एकमेकांच्या विरोधात आहेत असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. एकाने सांगितले की खोट्या हकिकतीला किंमत आहे, दुसऱ्याने ती किंमत किती ते सांगितले. माणूस खोटे का बोलतो याची कारणे अनेक असतात. खून लपवायला बोलतो, तसाच कर्ज लपवायला बोलतो, दारू लपवायला बोलतो, भावाला वाचवायला बोलतो, बायकोशी झालेले भांडण लोकांना कळू नये म्हणून बोलतो. त्या रात्री तो जिथे होता तिथे असणे लाजेचे असेल, पण ते ठिकाण खुनाचे असेलच असे नाही.

आपल्या घरात हा विषय नवा नाही. कुरआनमध्ये सूरह यूसुफ आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यात एका घरातल्या गुन्ह्याची पूर्ण हकिकत आहे. भाऊच भावाच्या जिवावर उठतात, मारण्याची भाषा होते, शेवटी विहिरीत टाकायचे ठरते. रात्री ते रडत बापाकडे येतात आणि सांगतात की लांडग्याने खाल्ले. पुरावा म्हणून खोटे रक्त लावलेला सदरा दाखवतात. मुफस्सिरांनी म्हटले आहे की तो सदरा फाटलेला नव्हता. लांडगा मुलाला खातो आणि सदरा शाबूत ठेवतो? हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांनी ओळखले की ही गोष्ट रचलेली आहे. इथेही विसंगती शब्द आणि वस्तू यांच्यातली होती.

या प्रसंगात एक बारीक गोष्ट आहे, जी प्रत्येक तपास अधिकाऱ्याने वाचावी. 'लांडगा' हा शब्द भावांच्या तोंडात आला कुठून? मुलाला पाठवण्याआधी बापानेच भीती बोलून दाखवली होती की तुम्ही बेसावध असाल आणि त्याला लांडगा खाईल. तोच लांडगा संध्याकाळी हकिकतीत आला. विचारणाऱ्याच्या तोंडातला शब्द सांगणाऱ्याच्या जबाबात कसा उतरतो, त्याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. "तू कुऱ्हाडच घेतली होतीस ना?" असे दहा वेळा विचारले की अकराव्या वेळी जबाबात कुऱ्हाड येते.

पुढे मिस्रमध्ये दुसरा सदरा आहे. घरात दोन माणसे, दोन उलट हकिकती, साक्षीदार नाही. त्या बाईच्याच घराण्यातला एक जण उपाय सांगतो: सदरा पुढून फाटला असेल तर तिचे खरे, मागून फाटला असेल तर त्याचे खरे. कसोटी आधी ठरली, सदरा नंतर पाहिला. आपण उलटे करतो. माणूस आधी ठरवतो आणि मग सदरा कुठून फाटला आहे ते त्याप्रमाणे वाचतो.

आणि तिसरा प्रसंग. वर्षांनंतर तेच भाऊ धाकट्याला मिस्रमध्ये सोडून परत येतात. या वेळी त्यांनी जे पाहिले तेच ते सांगत असतात, वस्तीतल्या लोकांना विचारा, काफिल्याला विचारा असेही म्हणतात. पण बापाच्या तोंडी पुन्हा तेच शब्द येतात जे पहिल्या वेळी आले होते, की तुमच्या मनानेच काहीतरी रचले आहे. नबींविषयी अदबीनेच बोलावे, म्हणून मी एवढेच म्हणतो की एकदा खोटे बोललेल्या माणसाचे खरेही खोट्यासारखे ऐकू येते, हे या जागी आपल्याला दाखवले आहे. पण हजरत याकूब तिथे थांबले नाहीत. त्यांनी मुलांना सांगितले की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या. संशयातून त्यांनी शिक्षा काढली नाही, शोध काढला. आणि शोधातून दोन्ही मुले जिवंत मिळाली.

शोध सोडून दिला की काय होते? नाशिकजवळ ५ जून २००३ च्या रात्री पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला. पाच जणांचा खून, सोबत अत्याचार. आई आणि एक मुलगा वाचले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. मग फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. कारण काय? वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच चालला नाही. इथे जबाबातली खरी विसंगती कागदावर होती, सरकारी दप्तरात होती, आणि ती गांभीर्याने घ्यायला सोळा वर्षे लागली. सहा जणांची उमर तुरुंगात गेली, त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आणि ज्या कुटुंबाची पाच माणसे मेली, त्यांना काय मिळाले? चुकीचा माणूस आत गेला की खरा माणूस बाहेर राहतो. संशयिताच्या हक्कांविषयी बोलणे म्हणजे मेलेल्यांच्या विरोधात बोलणे, असे समजणाऱ्यांनी त्या आईचा विचार करावा.

उलट बाजूही आहे. जबाब फार जुळले तरी थांबून पाहावे. मुंबईच्या ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींना निर्दोष ठरवले, तेव्हा कबुलीजबाबांतले काही भाग एकमेकांची नक्कल केल्यासारखे सारखे आहेत, हेही एक कारण होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली आहे आणि त्याबद्दलचा अंतिम शब्द तेच न्यायालय देईल. तो खटला घरातल्या खुनाचा नाही, पण मुद्दा तोच आहे. दोन माणसे एकच गोष्ट स्वल्पविरामासकट सारखी सांगू लागली, तर सांगणारे दोन असले तरी लिहिणारा एक असावा.

आता थोडे आपल्या समाजाबद्दल. संशयित मुसलमान असला की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, "फसवले आहे, आपल्या माणसाला मुद्दाम अडकवले." दुसरा घाईघाईने म्हणतो, "तो कसला मुसलमान, सैतान आहे, आमचा त्याच्याशी संबंध नाही." दोघांनीही कागद पाहिलेला नसतो. पहिल्याला मेलेल्या बाईचे, मुलांचे काही वाटत नाही, दुसऱ्याला फक्त स्वतःच्या अब्रूची काळजी असते. ठाण्याच्या कासारवडवलीत फेब्रुवारी २०१६ मध्ये एका माणसाने आपल्याच घरातल्या चौदा जणांना मारून स्वतःला फाशी घेतली तेव्हा हेच झाले. सांगणाराच उरला नव्हता, म्हणून त्याची हकिकत बाजाराने लिहिली. जादूटोण्यापासून दहशतवादापर्यंत ज्याला जे सुचले ते त्याने लिहिले.

सूरह हुजुरातमध्ये आपल्याला बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल. त्याच सूरहमध्ये जास्त संशय घेण्यापासून दूर राहायला सांगितले आहे. सूरह निसामध्ये न्यायासाठी उभे राहायला सांगितले, मग साक्ष स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. हदीसमध्ये हजरत माइज यांचा किस्सा आहे. ते स्वतः येऊन गुन्हा कबूल करत होते, तरी प्रेषितांनी (सल्लल्लाहु अलैहि वसल्लम) पुन्हा पुन्हा तोंड फिरवले आणि हा माणूस शुद्धीवर आहे ना, याची चौकशी केली. स्वतःहून दिलेली कबुलीसुद्धा तिथे आधी तपासली गेली.

या सगळ्याचा आपल्या रोजच्या जगण्यात अर्थ काय? घरात असा प्रसंग आला आणि पोलिसांनी चौकशीला बोलावले, तर वकिलाचा सल्ला घेणे हा हक्क आहे, गुन्ह्याची कबुली नव्हे. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जे आठवत नाही ते 'आठवत नाही' म्हणावे, अंदाजाने वेळ सांगू नये. आपल्या भाषेत सांगावे आणि लिहिलेले वाचून दाखवा म्हणावे. नव्या कायद्यात जबाब दृक्-श्राव्य माध्यमातून नोंदवता येतो, तशी विनंती करावी. शेजाऱ्याला काही ठाऊक असेल तर त्याने 'आपल्याला काय करायचे' म्हणून दार लावून घेऊ नये, पाहिले तेवढेच सांगावे आणि ऐकलेले पाहिले म्हणून सांगू नये. आणि ज्यांना काहीच ठाऊक नाही, म्हणजे आपण बहुतेक सगळे, त्यांनी निदान त्या घरातल्या पोरांचे फोटो पुढे पाठवू नयेत.

पुढच्या वेळी टपरीवर कोणी म्हणाले की त्याचे जबाब जुळत नाहीत, तर एवढेच विचारा: "कशाशी जुळत नाहीत, भाऊ? त्याच्याच दुसऱ्या जबाबाशी, की सदऱ्याशी?" पहिले असेल तर अजून शोध बाकी आहे. दुसरे असेल तर न्यायालयाला सदरा पाहू द्या.

अल्लाह आपल्याला खऱ्याची साक्ष देण्याची हिंमत आणि संशयाच्या वेळी थांबण्याची समज देवो. आमीन.